पाऊस विकायला आलेला माणूस

मागच्या अंकात अमेरिकेतल्या जुन्या रेनमेकर लोकांबद्दल चार ओळी छापल्या होत्या, म्हणजे दुष्काळात गावोगाव फिरून "मी पाऊस पाडून देतो" म्हणणारी माणसं, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्यावेळचा आख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत. शेवटचं पत्र एका मुलीचं आहे, त्याला मुद्दाम जास्त जागा दिलीय, ते वाचल्याशिवाय पान उलटू नका.

प्रश्न : ताई, अशी माणसं खरंच होती का? गोष्टीत नेहमी असतं की कर्जात बुडालेलं शेतकऱ्याचं घर, महिनोनमहिने पाऊस नाही, जनावरं मरायला टेकलेली, आणि एक दिवस दारात एक छाप पाडणारा माणूस उभा राहतो आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव येतो. खऱ्या आयुष्यात असं कोण येतं?

उत्तर : होती हो, आणि एखाददुसरा माणूस नाही, 1890 च्या आसपास कॅन्सस, नेब्रास्का, टेक्सास, वायोमिंग ह्या भागात अशी बरीच माणसं फिरत होती. त्यातला सगळ्यात गाजलेला फ्रँक मेलबर्न, ऑस्ट्रेलियातून आलेला, लोक त्याला रेन विझार्ड म्हणायचे. 1891 च्या सप्टेंबरात वायोमिंगमधल्या शायेनच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला 150 डॉलर कबूल केले. तो आपलं सामान घेऊन एका तबेल्याच्या माळ्यावर चढला, खिडक्या आतून झाकून घेतल्या, आत काय चाललंय ते कोणाला दिसू दिलं नाही, आणि पाऊस पडला! मग काय, नाव सगळीकडे झालं. पुढे कॅन्ससमधल्या गुडलँडने त्याला आपल्या शेती मेळाव्याला बोलावलं, पाऊस पडला तर 500 डॉलर. तिथे काही जमलं नाही, तर म्हणाला वाऱ्याने माझा पाऊस दुसरीकडे नेला. आता कोणालाही वाटेल की गाव त्याला हाकलून मोकळं झालं असेल, पण झालं उलटंच, वर्षभरात त्याच गुडलँडमध्ये पाऊस पाडून देणाऱ्या कंपन्या निघाल्या, एक नाही तीन, आणि त्यांची माणसं इतर गावांशी करार करत फिरायला लागली. 1893 मध्ये तर रॉक आयलंड रेल्वेने आपल्याच एका तरुण कर्मचाऱ्याला, क्लेटन ज्युएलला, पाऊस पाडायच्या प्रयोगांसाठी रेल्वेचा डबा दिला, तो डबा गावोगावच्या स्टेशनांवर उभा राहायचा आणि आतून गॅस वर सोडायचे. रेल्वेला शेतकऱ्याकडून पैसे नको होते, पीक आलं की धान्य तिच्याच गाडीने बाजारात जाणार होतं ना.

छाप पाडण्याबद्दल म्हणाल तर ही माणसं फार मोठमोठ्याने बोलणारी असायची असं अजिबात नाही. पुढे सगळ्यात प्रसिद्ध झालेला चार्ल्स हॅटफील्ड तर कमी बोलायचा, नीटनेटका सूट, वागणं एकदम सभ्य, आणि त्याचं म्हणणं असायचं की मी पाऊस पाडत नाही, मी फक्त ढगांना ओढून आणतो, पुढचं काम ढग करतात. ज्या घरात रोज "काय माहीत काय होणार" एवढंच बोललं जातंय तिथे एखादा माणूस शांतपणे "होईल" म्हणाला तर तेवढ्याने पण घर हलतं.

प्रश्न : पण एवढा कसा विश्वास बसायचा? शेतकरी माणूस तर आयुष्यभर आभाळ बघत जगतो, त्याला कळत नव्हतं का? मला तर हा निव्वळ अडाणीपणा वाटतो.

उत्तर : ह्या प्रश्नावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण अडाणी हा शब्द मला पटत नाही, अजिबातच पटत नाही.

ही कुटुंबं तिथे पोचली कशी ते आधी बघा. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची, अट एकच, पाच वर्ष तिथे राहून ती कसायची. पूर्वेकडच्या ओल्या भागात 160 एकर म्हणजे चांगलंच मोठं शेत. पण 100 अंश पश्चिम रेखांश, म्हणजे अमेरिकेच्या साधारण मधून उभी जाणारी नकाशावरची रेघ, तिच्या आसपास गोष्टच बदलते, तिच्या पश्चिमेला वर्षाला साधारण 20 इंचापेक्षा कमी पाऊस, आणि तेवढ्यावर नेहमीची शेती टिकत नाही. हे कोणालाच माहीत नव्हतं असंही नाही, त्या भागाची पाहणी केलेल्या जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1878 मध्ये सरकारला दिलेल्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ह्या कोरड्या भागात 160 एकरात घर चालणार नाही, गुरं चारायची तर 2560 एकर लागतील. पण ते कोणाला ऐकायचं होतं? रेल्वेला जमिनी विकायच्या होत्या, नवीन गावांना माणसं हवी होती. आणि त्याच वेळी नेब्रास्का युनिव्हर्सिटीतले एक प्राध्यापक, सॅम्युएल ऑगी, सांगत होते की जमीन नांगरली की ती पाणी धरते आणि मग हवामानच ओलं होत जातं. चार्ल्स डाना विल्बरने 1881 मध्ये त्याचं घोषवाक्यच करून टाकलं, पाऊस नांगराच्या मागून येतो. नेमकी तेव्हाची काही वर्ष चांगल्या पावसाची निघाली, म्हणजे लोकांना डोळ्यासमोर पुरावाच दिसला, आणि ते सगळं विकून, पोराबाळांना घेऊन तिकडे गेले.

मग 1880 चं दशक संपता संपता पाऊस गेला.

आता त्या घराचा विचार करा. नांगरलेली जमीन आहे पण ओल नाही, बी टाकलं ते उगवलं नाही नाहीतर वीतभर येऊन जळून गेलं, पुढच्या पेरणीचं बी कर्जाने आणायचं. बाहेर पडावं तर पाच वर्षांची अट पूर्ण व्हायची आहे, म्हणजे आत्ता निघाले तर जमीनही हातात येणार नाही. कित्येक जण निघालेच, परत चाललेल्या गाड्यांवर लिहिलेलं असायचं की देवावर भरवसा ठेवला आणि कॅन्ससमध्ये बुडालो. जे मागे राहिले त्यांच्या दारात हा माणूस येतो.

आणि अजून एक गोष्ट, जी कोणी फारशी लक्षात घेत नाही. त्याच्या आधी सरकारनेच पाऊस पाडायचा प्रयत्न केला होता! एडवर्ड पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने 1871 मध्ये मांडलं होतं की मोठ्या लढायांनंतर पाऊस पडतो, म्हणजे तोफांच्या आवाजाने पडत असणार. त्या कल्पनेवर अमेरिकन काँग्रेसने सुरुवातीला 9000 डॉलर मंजूर केले आणि 1891 च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट डायरेनफोर्थ नावाचा वॉशिंग्टनचा पेटंट वकील टेक्सासमधल्या मिडलँडजवळच्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर, गॅसचे फुगे, पतंगाला बांधलेले डायनामाईट आणि उखळी तोफा घेऊन आभाळात स्फोट करत बसला. थोडा पाऊस आला तोही स्फोटाने आला असं तो सांगत राहिला, पुढच्या वर्षी सॅन अँटोनियोला काहीच निघालं नाही आणि लोकांनी त्याच्या नावाचीच टिंगल केली. पण शेतकऱ्याच्या जागी बसून बघा ना, प्रोफेसर म्हणतात नांगराने पाऊस येतो, रेल्वे म्हणते या, इथे सोनं पिकतं, सरकार आभाळात बार उडवतंय, आणि मग एक माणूस येतो जो म्हणतो पाऊस पडला नाही तर एक पैसा देऊ नका. ह्या सगळ्यात त्यातल्या त्यात सरळ ऑफर कोणाची होती? मला तरी त्या शेतकऱ्याला नावं ठेवता येत नाहीत. ज्यांच्याकडे नकाशे, आकडे आणि पदव्या होत्या त्यांनी त्याला आधी फसवलं होतं, रेनमेकर त्यांच्या मागून आला.

प्रश्न : पाऊस नाही तर पैसे नाहीत म्हणजे नुकसान रेनमेकरचंच होतं की. मग ह्यात फसवणूक कुठे आली?

उत्तर : इथेच सगळी खुबी होती. समजा एखाद्या भागात त्या मोसमात दोन आठवड्यात बरा पाऊस व्हायची शक्यता निम्मी आहे. तुम्ही दहा गावांशी करार केले तर काहीही न करता अंदाजे पाच गावं पैसे देणार, उरलेल्या पाच ठिकाणी तुमचा खर्च काय, तिकीट आणि थोडं केमिकल. शिवाय करारातली भाषा अशी की पाऊस अमुक मैलांच्या परिघात कुठेही पडला तरी चालेल, आणि मुदतही ऐसपैस. आणि हे लोक जायचे कधी? तर दुष्काळ चांगला लांबल्यावर, म्हणजे गावाचा धीर सुटल्यावर, आणि कोरडे दिवस कधीतरी संपतातच.

मेलबर्नच्या बाबतीत तर असंही पुढे आलं की तो पावसाच्या ज्या तारखा सांगायचा त्या सेंट लुईसच्या आयर्ल हिक्सच्या पंचांगात छापलेल्या अंदाजांच्या तारखांशी जुळत होत्या. हॅटफील्डचंही बघा, 1904 च्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये त्याने पैज घेतली की मे 1905 पर्यंत 18 इंच पाऊस देतो, मोबदला 1000 डॉलर. तो भाग असा की पाऊस हिवाळ्यातच पडतो, म्हणजे त्याने मुदत घेतली ती नेमकी पावसाळ्याची. 18 इंच झाले, पैसे मिळाले आणि हॅटफील्ड हिरो झाला. तिथला हवामान खात्याचा अधिकारी सांगत होता की हा पाऊस याच्याशिवायही झालाच असता, पण ज्याच्या अंगणात पाणी साचलंय तो खात्याचं कशाला ऐकेल.

आणि नुकसान रेनमेकरचं होतं म्हणालात ना, तर तसं नाही. गावाचा वेळ जातो. त्या दोन आठवड्यात जे करता आलं असतं, गुरं हलवणं, बियाणं राखून ठेवणं, सावकाराशी बोलून मुदत मागणं, ते सगळं लोक पुढे ढकलतात कारण पाऊस येणार असतो. ह्याचं बिल कोणीच फाडत नाही, पण भरतं ते घरच.

प्रश्न : हॅटफील्डने एक शहर बुडवलं असं मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं, ते नीट सांगा ना.

उत्तर : सांगते. हॅटफील्ड मूळचा कॅन्ससचा, जन्म 1875, घरचे लोक कॅलिफोर्नियात आले, आणि हा शिलाई मशीन विकायचा. 1902 च्या सुमारास वडिलांच्या शेतावर पवनचक्कीच्या टॉवरवर केमिकलचं भांडं ठेवून प्रयोग सुरू केले. 1915 च्या डिसेंबरात सॅन डिएगोच्या नगर परिषदेने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं की ह्याने मोरेना धरण भरून दिलं तर 10,000 डॉलर द्यायचे. तोंडी ठरलं, लेखी करारावर सह्या झाल्याच नाहीत. हॅटफील्ड आणि त्याच्या भावाने धरणाजवळ लाकडी टॉवर उभा केला, वर पसरट भांडी ठेवली, आणि वाफा सोडायला लागले.

जानेवारी 1916 उजाडला आणि पाऊस सुरू झाला तो थांबेचना. नद्या फुटल्या, पूल गेले, रेल्वेचे रूळ वाहून गेले, आणि 27 जानेवारीला लोअर ओटाय धरण फुटलं, त्या लोंढ्यात माणसं गेली, खोऱ्यातली शेतं आणि घरं गेली. मोरेना मात्र काठोकाठ भरत आलं आणि टिकलं. हॅटफील्ड शहरात आला, म्हणाला काम झालं, पैसे द्या. शहराचा वकील म्हणाला देतो, पण मग पूर तूच आणलास असं होईल, आणि नुकसानभरपाईचे लाखो डॉलरचे दावे तू अंगावर घे. पाऊस देवाचा असेल तर तुला पैसे नाहीत, पाऊस तुझा असेल तर पूरही तुझा. खटला कितीतरी वर्ष लोंबकळत राहिला आणि 1938 मध्ये निकालात निघाला, त्याला दमडी मिळाली नाही.

त्याने खरंच पाडला का, तर नाही. त्याच जानेवारीत पॅसिफिकवरून आलेल्या वादळांनी सगळ्या दक्षिण कॅलिफोर्नियात पूर आणले, जिथून हॅटफील्डचा टॉवर कित्येक मैल लांब होता तिथेही. एका टॉवरवरच्या भांड्यातून एवढं पाणी ओढलं जात नाही. मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते ओटायच्या खालच्या खोऱ्यातल्या शेतकरी घरांचं. त्यांनी कोणाला बोलावलं नव्हतं, कशाला होकार दिला नव्हता, आणि त्यांची नावं ह्या किश्शात कोणी घेतही नाही.

प्रश्न : ही माणसं लबाड होती की त्यांचा स्वतःचाही विश्वास होता?

उत्तर : दोन्ही प्रकार होते. मेलबर्नबद्दल मला शंका नाही, पंचांग बघून तारखा देणारा माणूस भाबडा नसतो. हॅटफील्डचं मात्र मला वेगळं वाटतं. तो अमेरिकेभर, वर कॅनडातल्या युकॉनपर्यंत आणि 1921 मध्ये कॅनडातल्याच मेडिसिन हॅटपर्यंत गेला, आयुष्यभर तेच करत राहिला, धंदा बसल्यावर परत शिलाई मशीन विकायला लागला, आणि 1958 मध्ये वारला तेव्हा केमिकलचा फॉर्म्युला कोणाला न सांगताच गेला. मला वाटतं त्याचा स्वतःवर विश्वास होता. पण समोरच्या घराला त्याने काय फरक पडतो? मनापासून चुकीचा असलेला माणूस जास्त पटतो, कारण त्याच्या डोळ्यात लबाडी नसतेच.

प्रश्न : आता तर क्लाउड सीडिंग होतं, ढगात काहीतरी टाकून पाऊस पाडतात, म्हणजे जुने लोक अगदीच चुकीचे नव्हते ना?

उत्तर : नाही, ह्याचा त्याचा संबंध लावू नका. 1946 च्या नोव्हेंबरमध्ये व्हिन्सेंट शेफर नावाच्या संशोधकाने विमानातून ढगात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकला आणि ढगातून बर्फकण पडताना दिसले, त्याच सुमाराला बर्नार्ड व्हॉनेगटने सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग शोधला. पण त्यासाठी योग्य ढग आधी आभाळात लागतात, शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी असलेले. वायोमिंगमध्ये बरीच वर्ष चाललेल्या प्रयोगात अनुकूल वादळांमधूनही वाढ निघाली ती 5 ते 15 टक्के. कोरड्या निळ्या आभाळात पाऊस आणता येत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

प्रश्न : निदान पुढच्या पिढीने तरी धडा घेतला असेल?

उत्तर : 1935 मध्ये डस्ट बोलच्या धुळीत, म्हणजे दुष्काळात नांगरलेली माती उडून त्या भागात धुळीची वादळं यायची त्या काळात, टेक्सासच्या डॅलहार्ट गावाने टेक्स थॉर्नटन नावाच्या स्फोटकांच्या माणसाला पैसे जमवून बोलावलं आणि त्याने धुळीच्या वादळातच स्फोट केले. त्याच वर्षी 27 एप्रिलला ह्यू बेनेट नावाच्या मातीच्या अभ्यासकाच्या प्रयत्नांतून सॉइल कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस, म्हणजे जमिनीची धूप थांबवणारं सरकारी खातं, सुरू झाली, उताराला आडवं नांगरणं, झाडांचे पट्टे, गवत परत लावणं, असली कामं. एकाच वर्षी दोन्ही.

प्रश्न : ताई, मी एकवीस वर्षांची आहे, आमची शेती आहे, सध्या विहिरीने तळ गाठलाय. महिन्याभरापासून आमच्याकडे एक माणूस येतो, तो जमिनीखालचं पाणी ओळखतो म्हणतात. बोलायला इतका चांगला आहे की काय सांगू, आजीशी तासभर बोलतो, भावाला मित्रासारखा वागवतो. बाबा दोन वर्ष नीट बोलत नव्हते, आता पहाटे उठून शेतात जातात, त्याने जिथे खूण केली तिथे उभे राहतात, कागदावर काय काय आकडेमोड करतात, हसतात पण. आता तो म्हणतोय बोअर तोच घेऊन देणार, अर्धे पैसे आधी, आणि त्यासाठी बाबा कर्ज काढायचं म्हणतायत. मला त्याचा भरवसा वाटत नाही पण मी बोलले तर बाबांचं हसणं परत जाईल ह्याची भीती वाटते. आई म्हणते गप्प बस. मी काय करू?

उत्तर : तू लिहिलंस ते फार बरं केलंस. आणि तुला जे दोन्ही वाटतंय, की माणूस खरा नाही आणि बाबांचा आनंद मात्र खरा आहे, ते दोन्ही बरोबर आहे, त्यातलं एक खोटं ठरवायच्या मागे लागू नकोस.

आधी पाण्याचं. पाणाड्याची काडी हलते ती त्याच्या स्वतःच्या हाताच्या बारीक हालचालींनी, त्याला स्वतःलाही ते कळत नाही, म्हणून तो खोटं बोलतोय असंच समजायचं कारण नाही. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये मोठा प्रयोग झाला होता, सुमारे 500 जणांमधून सगळ्यात तरबेज 43 निवडले, खालच्या मजल्यावर पाण्याचा पाईप गाड्यावरून हलवायचे आणि वरच्या मजल्यावर ह्यांनी तो कुठे आहे ते सांगायचं. आकडे नीट तपासल्यावर दिसलं की उत्तरं अंदाजाने सांगितल्यासारखीच होती. मग त्यांचे बोअर लागतात कसे, तर बऱ्याच जमिनीत खोल गेलं की कुठे ना कुठे थोडंफार पाणी असतंच. लागलं की त्याचं नाव होतं, नाही लागलं की ती गोष्ट त्या घराबाहेर जात नाही. रेनमेकरचं गणित तेच होतं, इथे तर त्याच्याहून वाईट, कारण तो निदान पाऊस पडल्यावर पैसे मागायचा.

आता एक दुसरा अनोळखी माणूस सांगते. 1903 मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावात सीमन नॅप नावाचा सत्तरीला आलेला माणूस आला, सरकारच्या शेती खात्याकडून. हाही बोलण्याने माणसं जिंकणारा होता. पण त्याला एक गोष्ट कळलेली होती की सरकारी पैशाने चालवलेलं नमुना शेत बघून शेतकरी म्हणतो, तुमच्याकडे पगार आहे, आमचं काय. म्हणून त्याने सांगितलं की प्रयोग शेतकऱ्याच्याच जमिनीवर, शेतकऱ्याच्याच हाताने होईल. वॉल्टर पोर्टर नावाचा शेतकरी तयार झाला, आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी निधी बाजूला काढून ठेवला, की नुकसान झालं तर त्यातून भरून देऊ. बियाणं कसं निवडायचं, मशागत कधी करायची, सगळं उघड, कसलं गुपित नाही. वर्षाअखेरीला पोर्टरने सांगितलं की नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे 700 डॉलर जास्त सुटले, आणि पुढच्या वर्षी ती पद्धत तो कोणाला न विचारता स्वतः करणार होता. नॅप म्हणायचा की माणूस ऐकलेल्यावर शंका घेतो, बघितलेल्यावरही घेतो, पण स्वतः केलेल्यावर घेऊ शकत नाही. ह्याच्यातूनच 1906 मध्ये पहिला काउंटी एजंट, म्हणजे एका जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना सल्ला देणारा माणूस, नेमला गेला आणि 1914 च्या कायद्याने ती पद्धत देशभर गेली.

तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला बाबांसमोर, घरातल्या सगळ्यांसमोर, एकदम प्रेमाने विचार की बोअर कोरडा गेला तर खर्च कोणाचा. आजूबाजूला त्याने दाखवलेल्या पण कोरड्या गेलेल्या जागा कुठल्या ते पण विचार, लागलेल्या तो स्वतःहून सांगेलच. चांगला माणूस असेल तर ह्या प्रश्नाने त्याला राग येणार नाही. आणि आधी अर्धे पैसे, तेही कर्ज काढून, ह्याला माझं स्पष्ट नाही आहे, त्यात मी काही मधलं सांगणार नाही.

पण बाबांना जाऊन "तो फसवतोय" असं म्हणू नकोस. मला वाटतं त्यांना पाणी मिळण्याच्या आधीच काहीतरी मिळालंय, दोन वर्षांनी कोणीतरी त्यांना त्यांच्या शेताबद्दल विचारलं, त्यांच्याबरोबर बांधावर उभं राहिलं. घरात त्यांच्याशी सगळे कर्जाबद्दलच बोलत असतील, त्यात कोणाचा दोष नाही, तसंच होतं. तर ती आकडेमोड त्यांच्याकडून मागून घे आणि त्यांच्या शेजारी बसून बघ, त्यात त्यांना नक्की काय करायचंय, कुठलं पीक, किती पाणी लागेल. मग दोघं मिळून आसपासच्या विहिरी आणि बोअर किती खोल आहेत, कुठल्या महिन्यात पाणी कुठे असतं, ते विचारत फिरा आणि लिहून काढा, आणि तो कागद घेऊन भूजलाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला जमीन दाखवा. तोही शंभर टक्के सांगू शकणार नाही, पण तो कशावरून सांगतोय ते तुम्हाला दाखवेल, आणि "इथे घेऊ नका" असं म्हणायचीही त्याची तयारी असेल. त्यानेही नाही म्हटलं तर आहे त्या पाण्यात किती एकर भिजतं हा हिशोब बाबांच्या त्याच कागदावर पुढे चालू ठेवता येईल, त्यात तू त्यांच्याबरोबर असशील.

आईला तुला गप्प बसवायचं नाहीये, ती घाबरलीय, तिलाही ह्या फिरण्यात घ्या. आणि तो माणूस पुढच्या वेळी येईल तेव्हा तू घरात थांब, चहा होईपर्यंत निघून जाऊ नकोस. तो कोरड्या बोअरच्या खर्चाचं काय म्हणाला ते मला कळव, पैसे द्यायच्या आधी.